नाडा, केळी आणि 'निरागस' विनोद

मंडळी, दादा कोंडक्यांच्या सिनेमांबद्दल हल्ली एक वाक्य फार ऐकू येते. "तेव्हाचा विनोद कसा निरागस होता!" आपल्या ब्लॉगवाल्या मित्रांपैकी दोघातिघांनी हे लिहिलंय, आणि आमची भाचेमंडळी मोबाइलवर सिनेमाचे तुकडे पाठवतात तेव्हा खाली हेच असते. मला हे अजिबात मान्य नाही. निरागस? अहो, दादांनी ऐकले असते तर त्यांना राग आला असता!

'सोंगाड्या' १९७१ सालचा. मी तेव्हा बी. ए. करत होतो. ढगळ अर्धी चड्डी आणि पुढे लोंबणारा नाडा. तो नाडा म्हणजे काय, हे तंबूत पुढे मातीत बसलेल्या पोरांपासून मागे खुर्चीवरच्या आजोबांपर्यंत सगळ्यांना कळत होते. सेन्सॉरलाही कळत असणार, पण करणार काय? चड्डीला नाडा असतोच! 'बोट लावीन तिथे गुदगुल्या' (१९७८) या नावातला एक तरी शब्द वाईट आहे का सांगा. सभ्य अर्थ आधी खिशात तयार ठेवायचा आणि दुसरा प्रेक्षकाच्या डोक्यात सोडायचा, ही कारागिरी आहे. वसंत सबनिसांचे 'विच्छा माझी पुरी करा' गाजवून आलेला माणूस तो. त्याला निरागस म्हणणे म्हणजे त्याचे कसब नाकारणे.

आपल्या किनाऱ्यावर तर हे नवे नव्हतेच. शिमग्यात होळीपुढे एरवी मान खाली घालून चालणारे लोकही काय काय बोंबलतात, ते आपण सगळ्यांनी ऐकले आहे. पण शिमगा संपतो. सिनेमाने तोच शब्द बारमाही केला.

माझा प्रश्न एवढाच असतो, की हसे कोणाचे होते? नाड्याच्या विनोदात ते पुरुषाचे होते. मर्दानगीचा सगळा तोरा एका लोंबत्या दोरीत! स्टॅन्ली कुब्रिकच्या 'डॉ. स्ट्रेंजलव्ह'मध्ये (१९६४) विमानातला अमेरिकन मेजर अणुबॉम्बवर मांड ठोकून, टोपी हलवत खाली जातो. जातकुळी तीच, फक्त हसे लष्कराचे. असा चावटपणा मला चालतो. चालतो काय, आवडतो.

पण 'पांडू हवालदार' (१९७५) घ्या. त्यात उषा चव्हाण केळेवाली पारू. इथे केळी तिची आणि हशाही तिच्यावरच. सिनेमा आला, गेला. पण आमच्या बाजारातल्या केळीवाल्या कुठे जाणार होत्या? मी तेव्हा नुकताच शाळेत लागलो होतो. पुढे कित्येक महिने पोरे पाटीपुढे उभी राहून "कशी दिली?" विचारायची आणि खिदळायची. त्यांतली काही माझ्याच वर्गातली. शेजारची कोळीण अशा पोरांची दोन वाक्यांत सालटी काढायची, ती गोष्ट वेगळी. पण नववीतली एक मुलगी सुट्टीच्या दिवशी आईच्या पाटीवर बसायची, ती बसेनाशी झाली. तिच्या आईने मला कारण विचारले. मी काय सांगणार होतो? "बाई, विनोद निरागस आहे" असे?

म्हणून म्हणतो, झाकू नका. सगळेच अश्लील म्हणून नाक मुरडणाऱ्यांचीही मला चीड आहे. १९७२ साली 'सखाराम बाइंडर'ला कोर्टाची पायरी चढावी लागली ती असल्याच सोवळेपणामुळे. पण नाक मुरडणारे आणि आठवणींनी गहिवरणारे, दोघेही त्या पाटीवरच्या पोरीकडे बघत नाहीत.

पुढचे तर बोलायलाच नको. 'राजाबाबू'त (१९९४) तोच लोंबता नाडा शक्ती कपूरच्या अंगावर आला. २०१३ च्या 'ग्रँड मस्ती'पर्यंत नाड्याचीही गरज उरली नाही. द्व्यर्थी म्हणायला निदान दोन अर्थ तरी लागतात हो!

असो. भाचेमंडळींनो, यापुढे तुकडा पाठवायचा तर नाड्याचा पाठवा, मी मनापासून हसेन. केळीवालीचा नको. आणि खाली 'चावट' असे स्वच्छ लिहा.