काळं ऑइल बांधावर नको

बीड जिल्ह्यात कापसापासून कडब्यापर्यंत सगळं वाहणाऱ्या पिकअपचं ऑइल दारातच बदलायला हरकत नाही. हरकत आहे ती उतरवलेलं काळं ऑइल बांधावर ओतायला. सांडलवंड टाळणं अवघड नाही. गाडी सपाट जागी लावावी, खाली ताडपत्री अंथरून पसरट घमेलं ठेवावं. इंजिन कोमट असलं की ऑइल पातळ होऊन नीट उतरतं. ड्रेन नटचे शेवटचे आटे तो आत दाबून धरत सोडवले, की धार अंगावर येत नाही. फिल्टरमध्येही ऑइल उरतंच; तो घमेल्यातच उपडा करून निथळू द्यावा.

कुणी म्हणेल, ते ऑइल वाया कुठे जातं, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून कामी येतं. पण त्यात इंजिनाच्या झिजेचे धातुकण आणि ज्वलनाची काजळी असते, आणि पावसाबरोबर ते मातीतच उतरतं. दुष्काळात विहिरी-बोअरवर जगणाऱ्या जिल्ह्याला हा व्यवहार परवडणारा नाही. 'गॅरेजवालेही ओततातच' हा युक्तिवाद चूक वाटून घेतो, कमी करत नाही. वापरलेलं ऑइल कायद्याने घातक कचरा आहे. 1 एप्रिल 2024 पासून ते गोळा होऊन पुनर्वापरात जाण्याची जबाबदारी उत्पादकांवरही आली आहे. ही साखळी तालुक्यापर्यंत पोहोचवणं सरकारचं काम. पण ऑइल झाकणबंद कॅनमध्ये भरून अधिकृत संकलकाकडे देणं आपलं. फरशी स्वच्छ राहिली आणि विहीर नासली, तर त्याला स्वच्छता कसं म्हणायचं?