प्रोड्युसरसमोर बसताना

बुऱ्हाणपूरसारख्या गावातून गायक-वादक आता स्वतःच्या पैशाने अल्बम करायला निघतात, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. शेजारचे पॉवरलूम थांबले की रात्री खोलीत डेमो घ्यायचा, इंदूर किंवा मुंबई गाठायची आणि ज्याचं काम वर्षानुवर्षं कानात साठवलं त्या प्रोड्युसरसमोर बसायचं. नेमकी तिथेच आपल्या माणसाची वाचा बसते. पट्टी चढवली, ठेका क्लिकवर बांधला, अंतरा कापला, तरी उत्तर एकच: ‘तुम्ही म्हणाल तसं.’ मग मिक्स हाती येतो आणि आपलंच गाणं परकं वाटतं.

बुऱ्हाणपुरात पूर्वी असं घडलं नव्हतं. सोळाव्या शतकात कर्नाटकातून आलेल्या पुंडरीक विठ्ठलाने फारुकी राजाच्या आश्रयाने ‘सद्रागचंद्रोदय’ लिहिला. उत्तरेच्या रागांची घडी बसवताना दक्षिणेची मेलपद्धती त्याने सोडली नाही.

ध्वनिमुद्रणातला दाखला हवा, तर १९६७ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका पुन्हा ऐका. निर्माते होते एचएमव्हीचे जी. एन. जोशी. ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ज्यांनी रेकॉर्डवर गायली तेच हे जोशी, म्हणजे माइकसमोरची धडधड त्यांना ठाऊक होती. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया तेव्हा तिशीच्या आतले, संतूर रागसंगीतात नवखं, आणि ब्रिजभूषण काबरांच्या हातात चक्क गिटार. काश्मिरी मेंढपाळाचा एक दिवस ही चौकट, एका बाजूला जेमतेम वीस मिनिटं. अहिर भैरवात नीट कान द्या: संतूरचे सूर आघाताचे, सुटे, गिटारची मींड लांब, बासरी श्वासाची. कुणीही कुणाला झाकत नाही. चौकट बाहेरून आखलेली असूनही तिघांचं वाजवणं तिघांचंच राहिलं. आमच्या मते प्रोड्युसरची खरी थोरवी ती हीच.

तेव्हा काटछाट खुशाल करू द्या. बाहेरच्या कानाला जे लांबण वाटतं ते बहुधा लांबणच असतं. पण पट्टी आणि लय घरून ठरवून जा, आणि त्यांवर अडून बसा. कायद्याचंही भान ठेवा. ध्वनिमुद्रणाचा पुढाकार आणि जबाबदारी जो घेतो, त्यालाच कॉपीराइट कायदा निर्माता मानतो. खर्च आणि पुढाकार तुमचा असेल, तर नामवंत माणूस मानधनावर काम करतोय, हे कागदावर स्पष्ट लिहून घ्या. चाल आणि शब्द यांचे हक्क वेगळे असतात. २०१२च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराच्या रॉयल्टीला संरक्षण दिलं आहे, म्हणून न वाचता सही करू नका. मानधनात मिक्सच्या किती फेऱ्या धरल्या आहेत आणि मल्टिट्रॅक फाइल्स कुणाकडे राहतील, हे तर पहिल्या फोनमध्येच विचारा.