कात्री आणि कुलूप

"बारावीला बायो सोडलं आणि सुटलो बुवा!" हे वाक्य आपल्या हॉस्टेलवर दर चौथ्या खोलीत ऐकू येतं. बायो म्हणजे घोकंपट्टी, बेडूक आणि लॅटिन नावं, असा आपला पक्का समज. माझं म्हणणं असं की, कंट्रोल सिस्टिम्सचा पेपर देणाऱ्याने तरी असं म्हणू नये. नियंत्रण कशाशी खातात हे समजून घ्यायला शरीरातल्या प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइम्सइतकं झकास उदाहरण मला तरी आपल्या पुस्तकांत सापडलेलं नाही.

या एन्झाइम्सना प्रोटिएज म्हणतात. शाळेत ती आपल्याला पचनाच्या धड्यात भेटली आणि तिथेच राहिली. पण माणसाच्या जनुकांत अशा पाचशेहून अधिक कात्र्यांचा आराखडा आहे, आणि अन्न पचवण्याचं काम त्यातल्या थोड्याच करतात. बाकीच्यांपैकी कित्येक चक्क निरोप पोचवतात.

कापून निरोप कसा जाईल? थ्रॉम्बिन घ्या. जखम झाली की रक्त गोठवणारं हे एन्झाइम. ते रक्तातल्या बिंबिकांना जागं कसं करतं, याचं उत्तर शॉन कॉफलिन यांच्या गटाने 1991 मध्ये दिलं. पेशीवरच्या रिसेप्टरचं बाहेर आलेलं टोक थ्रॉम्बिन कापतं. कापल्यावर जे नवं टोक उघडं पडतं, तेच वळून त्याच रिसेप्टरमध्ये बसतं आणि सिग्नल चालू! म्हणजे किल्ली कुलपालाच बांधलेली होती, फक्त झाकलेली होती. आणि गंमत अशी की कापलेला रिसेप्टर पुन्हा जोडला जात नाही, पेशी तो आत ओढून मोडीत काढते. पेशीतले बरेच सिग्नल स्विचसारखे असतात, चालू करा, बंद करा. हा सिग्नल मात्र फ्यूजसारखा आहे. एकदा उडाला की उडाला.

आता आपल्यासारख्यांनी विचारायला हवा तो प्रश्न असा: ज्या क्रियेला रीसेट नाही, ती सुरक्षित कशी ठेवायची? शरीराचं उत्तर आहे, कुलपावर कुलूप. ट्रिप्सिन स्वादुपिंडात तयार होतं, पण निष्क्रिय रूपात. आतड्यात पोचल्यावर दुसरं एन्झाइम त्याचा एक तुकडा कापतं, तेव्हा कुठे ते कामाला लागतं. चुकून आधीच जागं झालं, तर त्याला अडवणारं प्रथिन शेजारीच असतं. शिवाय ट्रिप्सिनमध्येच एक जागा अशी आहे की तिथे एक ट्रिप्सिन दुसऱ्याला कापून निकामी करतं. 1996 मध्ये कळलं की काही घराण्यांत याच जागेवरचं एक अमिनो आम्ल बदललेलं असतं. त्यामुळे तिथे कापलं जात नाही, आणि लहान वयापासून स्वादुपिंडाला वारंवार सूज येते. त्या घराण्यांत कात्रीची धार ठीकच आहे, बिघडलंय ते कुलूप.

मग कात्रीच बंद करणारं औषध द्यावं, असं कुणीही म्हणेल. कधी कधी ते जमतंही. एचआयव्हीची प्रोटिएज विषाणूची स्वतःची असते. तिला अडवणारं पहिलं औषध 1995 मध्ये मंजूर झालं आणि अशा औषधांनी पुढे असंख्य जीव वाचवले. पण आपलीच कात्री असली की भानगड वाढते. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारा प्रथिनाचा तुकडा गॅमा सिक्रिटेज कापून काढतं. ते रोखणाऱ्या सेमागासेस्टॅट या औषधाच्या मोठ्या चाचण्या 2010 मध्ये थांबवाव्या लागल्या. रुग्णांची स्थिती सुधारण्याऐवजी बिघडत होती, आणि त्वचेचा कर्करोगही जास्त आढळला. हीच कात्री नॉच नावाचा रिसेप्टरही कापते. त्याचा सुटलेला तुकडा केंद्रकात जाऊन पेशीने काय व्हायचं ते सांगतो. एका लाइनवर दोन लोड असताना मेन स्विच पाडला तर काय होतं, हे इलेक्ट्रिकलवाल्यांना सांगायला नको.

आणि एक कुलूप तर आपण स्वतःच्या हाताने मोडतो. हॉस्टेलच्या मागच्या भिंतीपाशी जमणाऱ्या मंडळींसाठी हे मुद्दाम लिहितोय. उपदेश करत नाही, ते काम घरचे करतात. फुप्फुसात जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी इलास्टेज सोडतात. हे एन्झाइम फुप्फुसाच्या लवचिक भिंतीही कापू शकतं, म्हणून यकृत अल्फा-1 अँटिट्रिप्सिन नावाचं प्रथिन रक्तात सोडतं. ते उंदराच्या सापळ्यासारखं इलास्टेजला पकडतं. 1963 मध्ये स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिक्सन यांना काही जणांच्या रक्तात हे प्रथिन जवळजवळ नसल्याचं आढळलं. पुढे दिसलं की अशा लोकांना कमी वयातच एम्फिसीमा होऊ शकतो. सिगरेटचा धूर या सापळ्याच्या नेमक्या चापावरचं मेथिओनिन ऑक्सिडाइझ करतो, आणि सापळा ढिला पडतो. वर तोच धूर आणखी पांढऱ्या पेशींना फुप्फुसात बोलावून घेतो. म्हणजे कात्र्या वाढल्या आणि कुलूप कमी झालं. फाटलेल्या भिंती पुन्हा पहिल्यासारख्या होत नाहीत. इथेही रीसेट नाही.

माझा मुद्दा एवढाच. आजार म्हटलं की आपण 'कोणता वाईट पदार्थ' ते शोधतो. खरा प्रश्न बऱ्याचदा 'कोणता इंटरलॉक निकामी झाला' हा असतो, आणि असा प्रश्न विचारायचं शिक्षण तर आपल्यालाच मिळतंय. डॉक्टरांचं काम आपण करावं असं मी म्हणत नाही. पण त्यांच्याशी दोन वाक्यं नीट बोलता येतील एवढं तरी वाचावं. स्टाफला विनंती, सेमिनारच्या यादीत असे विषय येऊ द्या, "हे आपल्या ब्रँचचं नाही" म्हणून परत पाठवू नका.

यंदा याच विषयावर मी माझं नाव दिलंय. ग्रुपमध्ये दोन जागा रिकाम्या आहेत. बायो सोडून सुटलेल्यांना प्राधान्य!