क्वांटम शोधाचा वेग आणि आपला अग्रक्रम

क्वांटम संगणकाविषयी एक वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येते: हे यंत्र सर्व शक्यता एकाच वेळी तपासते आणि उत्तर क्षणार्धात शोधून देते. राष्ट्रीय क्वांटम मोहिमेसाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपये मंजूर केले. आठ वर्षांत ५० ते १,००० क्यूबिटचे संगणक घडवण्याचे उद्दिष्ट तिने ठेवले आहे. एवढा सार्वजनिक पैसा पणाला लागला असताना हे वाक्य पारखून घेणे अगत्याचे आहे. माझ्या मते ते अर्धेच खरे आहे.

छत्तीसगडमधील भिलाईचा वैशाली नगर हा विधानसभा मतदारसंघ उदाहरणादाखल घेऊ. हिशेबाच्या सोयीसाठी तिथल्या मतदारयादीत अडीच लाख नावे आहेत असे धरू. ती अकारविल्हे लावलेली असेल, तर दर वेळी निम्मी यादी बाजूला सारत गेल्यास १८ पायऱ्यांत कोणतेही नाव सापडते. यादी विस्कटलेली असेल, तर सरासरी सव्वा लाख नावे चाळावी लागतात. दिल्लीच्या आयआयटीत शिकलेले लव ग्रोव्हर यांनी १९९६ मध्ये, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत असताना, दाखवून दिले की क्वांटम संगणकाला अशा विस्कटलेल्या शोधासाठी सुमारे ३९३ पायऱ्या पुरतात. अडीच लाखांचे वर्गमूळ ५००. त्याच्या प्रमाणात हा आकडा येतो.

ही किमया एकाच झटक्यात घडत नाही. आरंभी सर्व नावांना समान संधी असते. प्रत्येक पायरीवर हव्या त्या नावाची संधी थोडी वाढते आणि इतरांची तेवढी घटते. नेमक्या क्षणी थांबले नाही, तर वाढलेली संधी पुन्हा ओसरू लागते. याहून मोठा वेग शक्यच नाही, हेही सिद्ध झाले आहे. बेनेट, बर्नस्टाइन, ब्रासार्ड आणि भारतीय वंशाचे उमेश वझिरानी यांचा तो निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे वर्गमूळ ही निसर्गानेच आखून दिलेली सीमा आहे.

दुसरी अडचण अधिक व्यावहारिक आहे. कागदावरची यादी क्वांटम यंत्रात भरायची, तर प्रत्येक नोंद एकदा तरी वाचावीच लागते, आणि त्यातच मिळालेला वेग खर्ची पडतो. म्हणून सातबारा, शिधापत्रिका वा मतदारयादी यांतील गोंधळावर क्वांटम हा उतारा नव्हे. तिथे नोंदी नीट लावणे हाच उपाय आहे. १८ पायऱ्यांचा शोध ३९३ पायऱ्यांच्या शोधाहून केव्हाही स्वस्त.

मग ग्रोव्हर यांच्या पद्धतीचे खरे क्षेत्र कोणते? जिथे यादी नसते, पण समोर आलेले उत्तर बरोबर की चूक हे सूत्राने लगेच पडताळता येते, ते. गुप्त संदेशाची किल्ली शोधणे हे त्याचे ठळक उदाहरण. १२८ बिटच्या किल्लीची सुरक्षितता या पद्धतीपुढे कागदोपत्री ६४ बिटइतकी उतरते. २५६ बिटची किल्ली घेतली की भक्कमपणा परत मिळतो. शिवाय हा शोध अनेक यंत्रांत वाटला, तरी शंभर यंत्रे केवळ दहापट वेग देतात. खरी निकड आहे ती पीटर शोर यांच्या १९९४ च्या अल्गोरिदममुळे. तो आरएसएसारख्या पद्धतींचा पायाच उखडतो. त्यांना पर्याय ठरणारी पहिली मानके अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केली.

यंत्र उभारणीत आपण मागे हटू नये. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने डीआरडीओच्या पुण्यातील प्रयोगशाळेच्या व टीसीएसच्या साथीने सहा क्यूबिटच्या प्रोसेसरची चाचणी २०२४ मध्ये यशस्वी केली, ही समाधानाची बाब आहे. परंतु ग्रोव्हर यांच्या शोधाला यंत्र लागले नव्हते. लागली ती गणिताची बैठक आणि विचार करण्याची सवड. मोहिमेची चार प्रमुख केंद्रे बंगळुरू, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली येथे आहेत. ते योग्यच आहे, पण पुरेसे नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या भिलाईच्या आयआयटीत कूटलेखनावर संशोधन चालते, आणि हा विषय नेमका तिथेच येऊन भिडतो. अशा संस्थांतील अल्गोरिदमच्या अभ्यासाला शिष्यवृत्त्या आणि अध्यापकपदे मिळायला हवीत. त्यांचा खर्च यंत्रांच्या मानाने नगण्य असतो.

माझा आग्रह एवढाच आहे की सरकारने तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात: नोंदींची शिस्त आज लावावी, बँका आणि शासकीय व्यवहारांची कुलुपे येत्या काही वर्षांत बदलावीत, आणि क्वांटम संगणकाची वाट धीराने चालावी. सर्व दुखण्यांवर तोच एक उपाय म्हणून सांगत राहिलो, तर पहिल्या अपेक्षाभंगासरशी निधी आटेल, आणि त्याची झळ प्रथम छोट्या शहरांतल्या संशोधकांना बसेल.