आजोबांची शिकवणी

महाड-पोलादपूरकडे नातवंडाला घरीच शिकवू पाहणाऱ्या आजी-आजोबांनी पंडिता रमाबाईंचे बालपण स्मरावे. वडील अनंतशास्त्री वयोवृद्ध, म्हणून अध्यापन आई लक्ष्मीबाईंनी पत्करले. पुढे 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्याच मुलीला ‘पंडिता’ म्हणून गौरविले. आपणही सकाळचा तासभर पाठांतर व गोष्टी घ्याव्यात. बारीक अक्षरांच्या वह्या तपासणे मुला-सुनेकडे सोपवावे. उमरठची तानाजींची समाधी, महाडचे चवदार तळे येथे इतिहास प्रत्यक्ष दाखविता येतो (गुडघे साथ देत असतील तर!). दहावीची परीक्षा चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून देता येते. सवंगडी मात्र आजोबा पुरवू शकत नाहीत. संध्याकाळी मुलाला खेळायला धाडावे, आणि तेवढा वेळ आपण निवांत पडावे.