वेबसाइट नवी केली, पण आतलं काय?

राज्य सरकारने 2025 च्या सुरुवातीला कार्यालयांना 100 दिवसांचा कार्यक्रम दिला. त्यात वेबसाइट सुधारणंही होतं. हेतू चांगलाच, पण 100 दिवसांत रंगरंगोटी होते, आतली सफाई नाही.

मलकापूर (शाहूवाडी) इथल्या एका संस्थेची जुनी साइट सध्या माझ्याकडे आहे. सीएसएसमध्ये जागोजागी '!इम्पॉर्टंट', म्हणजे ब्राउझरला दम: बाकीचे नियम सोड, माझंच ऐक. एक मथळा बारीक केला, तर फोनवरचा मेनूच गायब!

तरी हे निस्तरता येतं. खरी गोची मजकुराची आहे. जुनी पानं कृतिदेव फॉन्टमध्ये आहेत. त्यात 'मराठी' हा शब्द आतून ई-जे-के-बी-एच असा साठवलेला असतो. दिसतो मराठी, पण गूगलला ती निरर्थक इंग्रजी अक्षरं. मग शोधणाऱ्याला ही पानं सापडणार कशी? (त्यात बुलढाण्यातलं आणि कराडजवळचं मलकापूर आहेच.)

'सगळं नव्याने लिहा' असा सल्ला मिळतो. मी आधी मजकूर युनिकोडमध्ये आणतोय. कन्व्हर्टर पहिली वेलांटी आणि रफार हमखास चुकवतो, म्हणून प्रत्येक पान माणसाकडून वाचून घेतो. सीएसएस त्यानंतर, एकेक पान, गिटमध्ये नोंद ठेवून.