पंधरवड्याचे धर्मकार्य

काही वर्षांपूर्वी, जुलै महिन्यातील एका पहाटे, मायामीच्या विमानतळावर होन्डुरासला जाणाऱ्या विमानाची प्रतीक्षा करीत बसलेला, एकाच रंगाचे सदरे ल्यालेला आणि छातीवर बायबलमधील एक वचन मिरविणारा सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींचा जथा माझ्या दृष्टीस पडला. आणि विमानांना विलंब झाल्याच्या निमित्ताने त्यांतील एका मुलीशी माझे घटकाभर संभाषणही झाले. मोटारी धुऊन, घरी भाजलेले केक विकून आणि आप्तेष्टांना विनंतीपत्रे धाडून तिने प्रवासाचा खर्च उभा केला होता. पंधरा दिवसांत एका शाळेच्या भिंती रंगवायच्या, सकाळी गावातल्या मुलांना बाहुल्यांच्या खेळातून येशूच्या कथा सांगायच्या आणि सायंकाळी प्रार्थनेला बसायचे, असा तिच्या चर्चने आखलेला कार्यक्रम होता. स्पॅनिश येते का, असे मी विचारले, तेव्हा नमस्काराचा आणि आभाराचा असे दोन शब्द येतात, हे तिने इतक्या निर्व्याज हास्याने सांगितले की, प्रश्न विचारल्याचीच मला लाज वाटली.

त्या मुलीच्या अंतःकरणाविषयी मला तिळमात्र संशय नाही. ज्या वयात आमच्याकडची मुले शिकवणीवर्गांच्या फेऱ्यांत चिणून जातात, त्या वयात परक्या मुलखातल्या दारिद्र्याकडे पाठ न फिरविण्याची बुद्धी होणे, ही सामान्य गोष्ट नव्हे. संशय आहे तो त्या उद्योगाला दिलेल्या ‘सेवा’ या नावाविषयी. हा उद्योग लहानसहान राहिलेला नाही. रॉबर्ट वुथनो या समाजशास्त्रज्ञाच्या २००५ सालच्या पाहणीवरून, अशा अल्पकालीन यात्रांना अमेरिकेतून प्रतिवर्षी सुमारे १६ लाख प्रौढ चर्चसदस्य परदेशी जातात असा अंदाज निघाला, आणि विमानतळावर मला भेटलेल्या वयाची मुले त्या गणतीत धरलेलीच नाहीत.

१९९८ च्या ऑक्टोबरात मिच नावाच्या चक्रीवादळाने, ती मुलगी निघाली होती त्याच होन्डुरासची धूळधाण केली; हजारो माणसे मृत्युमुखी पडली आणि डोंगरउतारांवरच्या वस्त्याच्या वस्त्या चिखलाखाली गेल्या. पुढे घरे बांधण्यासाठी उत्तर अमेरिकेतून चर्चची पथके लोटली, आणि त्या देशात दीर्घकाळ राहिलेल्या कुर्ट व्हर बीक या समाजशास्त्रज्ञाने, जो स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती, त्या घरांचा जमाखर्च मांडून पाहिला. स्थानिक ख्रिस्ती संस्थेने बांधलेले घर सुमारे २,००० डॉलरांत उभे राहत होते; पाहुण्यांच्या हातचे घर, त्यांच्या विमानभाड्यासह हिशेब धरला तर, ३०,००० डॉलरांच्या घरात जात होते; आणि घर कोणी बांधले यावरून त्यात राहणाऱ्या कुटुंबांच्या आयुष्यात फरक पडल्याचे त्याला आढळले नाही. यात्रेने निदान यात्रेकरू तरी बदलतो, हे समर्थन मग नेहमी पुढे येते; परंतु त्याच्याच पाहणीत, परतल्यावर आपण अधिक दानधर्म करू लागलो असे सांगणाऱ्यांच्या त्या औदार्याची खूण, ज्या संस्थेने त्यांना पाठविले तिच्या कीर्दीत फारशी उमटली नव्हती. गवंड्याला रोजगार हवा असता त्याच्या हातातली थापी काढून शाळकरी मुलीच्या हाती द्यायची, आणि त्याला बाजूला उभे राहून टाळ्या वाजवायला लावायचे, हा व्यवहार सेवेच्या सदरात कसा बसवावा, हे मला उमगत नाही.

इव्हान इलिच या कॅथलिक धर्मोपदेशकाने १९६८ च्या एप्रिलमध्ये मेक्सिकोतील एका सभेत, सेवेसाठी निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितले होते की, पाहायला या, डोंगर चढायला या, शिकायला या. मदत करायला मात्र येऊ नका. बोल कठोर होते, आणि इलिचला ते बोलण्याची चैनही थोडी वाटत असावी, असे मला त्याचे भाषण वाचताना वाटले. पण त्यातील भेद मार्मिक होता.

मराठी वाचकाने या प्रश्नाकडे तटस्थपणे पाहावे असेही नाही, कारण या परंपरेचा आरंभीचा ओघ आपल्याच दाराशी येऊन पोचलेला आहे. १८०६ च्या ऑगस्टमध्ये मॅसॅच्युसेट्समधील विल्यम्स कॉलेजच्या पाच विद्यार्थ्यांनी, वादळात सापडल्यामुळे गवताच्या गंजीच्या आडोशाला बसून, परदेशी धर्मप्रसाराचा जो संकल्प केला, त्यातून पुढे अमेरिकन मिशनरी मंडळ निघाले, आणि त्याच कॉलेजचा पदवीधर गॉर्डन हॉल, कलकत्त्यात कंपनी सरकारने राहण्याचा परवाना नाकारला तेव्हा, १८१३ मध्ये मुंबईस येऊन ठेपला. त्याच्या धर्ममतांशी आपले जुळो वा न जुळो, त्याने मराठी आत्मसात केली, बाजारात आणि देवळांपाशी उभे राहून लोकांचे उलट प्रश्न ऐकले, आणि तेरा वर्षांनी नाशिककडून परतताना वाटेतच पटकीने देह ठेवला. त्याच्याशी लोकांना वाद घालता येत होता. रंगाचा डबा घेऊन आलेल्या आणि पंधराव्या दिवशी जाणाऱ्या मुलीशी गावकऱ्याने वाद घालावा तरी कोणत्या भाषेत?

आपल्याकडे पंढरीच्या वाटेला लागलेला वारकरी पंढरपूरची सेवा करण्यास निघालो असे म्हणत नाही; तो भेटीला जातो, आणि वाटेवरच्या गावांनी घातलेली भाकरी ऋण म्हणून खातो. बाबा आमट्यांनी सोमनाथला तरुणांची शिबिरे भरविली, त्यांना नाव दिले श्रमसंस्कार छावणी. म्हणजे श्रमाने ज्याच्यावर संस्कार व्हायचा तो कुदळ धरणाराच, हे नावातच कबूल करून टाकले. आपल्या महाविद्यालयांची दत्तक खेड्यांतली सगळीच शिबिरे इतकी प्रामाणिक असतात असे नव्हे. रंगविलेल्या भिंतीपुढे छायाचित्र काढून घेण्याची हौस आपल्यालाही पुष्कळ आहे.

तेव्हा त्या मुलीने जाऊ नये, असे माझे म्हणणे नाही. तिने जावे, जाण्यापूर्वी सहा महिने स्पॅनिश शिकावे, तिथे गवंड्याच्या हाताखाली पाट्या वाहाव्यात, ज्या घरी उतरेल त्या घरची म्हातारी सांगेल तशी मक्याची भाकरी थापावी, आणि रविवारी त्यांच्याच चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून त्यांचे प्रवचन ऐकावे. आप्तेष्टांना धाडायच्या विनंतीपत्रात मात्र, मी सेवा करण्यास जात आहे, या वाक्याऐवजी, मी शिकण्यास जात आहे आणि माझा भार तिथल्या लोकांवर पडणार आहे, असे स्वच्छ लिहावे. अशा पत्राला तिच्या मावश्या-आत्यांकडून किती डॉलर येतील, ते मला सांगवत नाही.